थंडाव्याचे मोल

एके काळी मुंबईहून पुण्यास निघालेली मोटार बोरघाट चढू लागली, की एक दृश्य हटकून दिसे. वळणावळणावर एखादी गाडी रस्त्याच्या कडेला उभी असे, तिच्या पुढल्या झाकणातून वाफेचे लोट निघत असत आणि चालक हातात फडके व पाण्याचा डबा घेऊन रेडिएटरचे टोपण उघडण्यास धजावत नसे. घाटाचा चढ, मंद वेग आणि उन्हाचा ताप ह्या तिघांनी मिळून एंजिनाला जेरीस आणलेले असे. मोटारवाल्यापाशी ह्यावर एक सोपा उपाय होता. तो थांबत असे. अर्धा तास झाडाच्या सावलीत बसले, थोडे पाणी ओतले, की गाडी पुन्हा मार्गाला लागे.

विमानाला हा उपाय नाही. दहा हजार फुटांवर चढत असताना पाणी उकळू लागले, तर वैमानिकाला थांबता येत नाही. एंजिनाची शक्ती कमी करून त्याला खाली यावे लागते. आणि विमान लढाऊ असेल, तर खाली येणे म्हणजे शत्रूला उंचीचा लाभ देणे होय. म्हणून विमानाच्या जन्मापासून पुढील चाळीस वर्षे एंजिन बनविणारे आणि विमान बनविणारे ह्यांच्यामागे एक प्रश्न सतत लागून राहिला: एंजिन थंड तर ठेवायचे, पण त्यासाठी वेगाचे किती मोल द्यायचे?

ह्या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा जुन्या एंजिनांत पंखा फिरविण्याच्या कामी येई. बाकीच्यापैकी मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडे आणि उरलेला सिलिंडरच्या भिंती तापवी. भिंतींवाटे येणारी ही उष्णता एंजिनाच्या उपयुक्त शक्तीच्या निम्म्याइतकी तरी असे. काही एंजिनांत ती त्याहून बरीच अधिक भरे. दोनशे अश्वशक्तीचे एंजिन घेतले, तर निदान शंभर अश्वशक्तीइतकी उष्णता अखंड बाहेर टाकली पाहिजे. शंभर अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट. एक किलोवॉटच्या ७५ विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटवाव्यात आणि त्यांची सगळी धग लहानशा पेटीएवढ्या जागेतून वाऱ्यावर सोडावी, असा हा प्रकार आहे.

ही धग वाऱ्याला देण्याकरिता पुष्कळ पृष्ठभाग लागतो. म्हणून रेडिएटरमध्ये शेकडो बारीक नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटवून बसविलेल्या असतात. त्यांच्या पोकळीतून वारा वाहतो आणि भोवतालून गरम पाणी. पण ज्या पृष्ठभागाला वारा घासून जातो, त्या पृष्ठभागाला वारा मागेही ओढतो. हाच वायुरोध. पृष्ठभाग वाढवावा तर वायुरोध वाढतो. वायुरोधावर मात करण्यासाठी एंजिनाची शक्ती वाढवावी तर उष्णता वाढते. उष्णता वाढली की रेडिएटर पुन्हा मोठा हवा. हे चक्र कोठे तोडावयाचे, हे तर्काने सांगता येण्यासारखे नव्हते. ते मोजून पाहावे लागले.

आरंभीच्या उड्डाणकारांना मोजमापाला सवड नव्हती. त्यांना केवळ उडायचे होते. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडविले, त्याचे एंजिन सुमारे बारा अश्वशक्तीचे आणि पाण्याने थंड होणारे होते. उभ्या नळ्यांचा एक साधा रेडिएटर त्यांनी विमानाच्या खांबाला बांधून टाकला होता. फ्रान्समध्ये लेव्हावासर ह्या कल्पक अभियंत्याने आपल्या ‘आंत्वानेत’ एंजिनात पाण्याची वाफ होऊ दिली आणि विमानाच्या धडाच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब नळ्या बसवून तीत तिचे पुन्हा पाणी केले. १९०९ च्या जुलै महिन्यात ह्याच जातीच्या विमानाने लाथाम इंग्लिश खाडी ओलांडावयास निघाला आणि एंजिन बंद पडून समुद्रात उतरला. त्यानंतर सहा दिवसांनी, २५ जुलै रोजी, ब्लेरियोने ती खाडी ओलांडली. त्याचे तीन सिलिंडरांचे अंझानी एंजिन केवळ वाऱ्याने थंड होणारे होते आणि ते फार तापत असे. वाटेत पावसाची एक सर आली आणि तिने एंजिनाला तारले, अशी आख्यायिका त्या उड्डाणाबरोबर चालत आली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या काळी एंजिनाचा थंडावा दैवाधीन होता, एवढे तिच्यातून नक्की कळते.

ह्याच सुमारास फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी एक धाडसी तोड काढली. वारा एंजिनाकडे पुरेसा येत नाही ना, मग एंजिनच वाऱ्यात फिरवू या, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या ‘नोम’ एंजिनात मधला दांडा स्थिर असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासह गरगर फिरत. वजनाला हे एंजिन हलके होते आणि महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत ते फार लोकप्रियही झाले. परंतु एवढे मोठे धूड वाऱ्यात घुसळत ठेवण्यास शक्ती खर्च होई, आणि एंजिन जितके मोठे तितका हा खर्च वाढे. थंडाव्याचे मोल येथेही चुकले नव्हते. ते निराळ्या खात्यावर पडत होते, एवढेच.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हा प्रश्न प्रयोगशाळेतून रणांगणावर आला. जर्मनीच्या आल्बाट्रॉस लढाऊ विमानाचा इतिहास ह्या दृष्टीने बोलका आहे. पहिल्या नमुन्यात रेडिएटर धडाच्या दोन्ही बाजूंना, हत्तीच्या कानांसारखे, बाहेर बसविले होते. ते वारा अडवीत आणि गोळ्यांना सहज बळी पडत. पुढच्या नमुन्यात रेडिएटर वरच्या पंखाच्या मध्यावर पंखाच्या जाडीतच बसविला गेला. वायुरोध कमी झाला, पण नवेच संकट उभे राहिले. रेडिएटरला गोळी लागली, की उकळते पाणी खाली बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर येई. म्हणून १९१७ मध्ये तिसऱ्या नमुन्याचा रेडिएटर मध्यावरून उजवीकडे सरकविण्यात आला. हेच विमान पॅलेस्टाइनच्या आघाडीवर पाठविताना त्याला एकाऐवजी दोन रेडिएटर द्यावे लागले. कारण तेथील उष्ण हवेत एक पुरेना.

इंग्रजांच्या बाजूला फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात तयार झालेल्या एस. ई. ५ ए ह्या प्रसिद्ध विमानाला मोटारीप्रमाणे नाकावरच रेडिएटर होता आणि त्याच्यापुढे उघडझाप करता येणाऱ्या झडपा होत्या. डी. एच. ९ ह्या बाँबफेक्या विमानाचा रेडिएटर पोटातून खाली सोडता येई आणि वर ओढूनही घेता येई. ह्या दोन्ही युक्त्यांमागे एकच अनुभव होता. विमानाला सर्वांत जास्त थंडावा लागतो तो जमिनीलगत, पूर्ण शक्तीने आणि मंद वेगाने चढताना. उंचावर वेगाने सरळ जाताना तोच रेडिएटर गरजेपेक्षा मोठा ठरतो. पाणी वाजवीहून थंड होते आणि एंजिन कुरकुरू लागते. म्हणजे चढाईच्या दहापंधरा मिनिटांसाठी जो पृष्ठभाग हवा, तो उरलेला सगळा वेळ ओझे म्हणून वाहावा लागतो.

उंचीचा आणखी एक गुण ह्या प्रश्नात भर टाकतो. हवेचा दाब जसजसा उतरतो, तसतसे पाणी कमी उष्णतेवर उकळू लागते. महाबळेश्वरला आधण सुमारे ९५ अंशांवर येते, लेहला ८८ च्या आसपास. वीस हजार फुटांवर तर पाणी ८० अंशांवरच उकळते. उंचीवरची हवा गार असते हे खरे. पण ती विरळही असते आणि विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते. तेव्हा वर गेल्यावर थंडाव्याचा प्रश्न आपोआप सुटेल, ही आशा पहिल्या उंच उड्डाणांनीच खोटी ठरविली.

मोजमापाचे काम दोन ठिकाणी चाले: वाऱ्याच्या बोगद्यात आणि प्रत्यक्ष आकाशात. वाऱ्याचा बोगदा म्हणजे ज्यातून मोठ्या पंख्याने ठरावीक वेगाचा वारा सोडता येतो असा एक बंदिस्त मार्ग. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वॉशिंग्टन येथील मानक संस्थेत शास्त्रज्ञांनी रेडिएटरच्या नाना जातींचे तुकडे अशा बोगद्यात ठेवून तपासले. तुकड्यातून गरम पाणी सोडावयाचे, ते किती आले आणि आत शिरताना व बाहेर पडताना किती अंशांवर होते ते पाहावयाचे. म्हणजे वाऱ्याने किती उष्णता नेली हे कळते. त्याच वेळी वारा त्या तुकड्याला किती जोराने मागे ढकलतो, हे तराजूवर मोजावयाचे. पहिला आकडा मिळकतीचा, दुसरा खर्चाचा. ह्या संशोधकांनी खर्चात आणखी एक बाब धरली: रेडिएटरचे आणि त्यातल्या पाण्याचे वजन हवेत उचलून धरण्यास लागणारी शक्ती. मग बाहेर टाकलेल्या उष्णतेला ह्या एकंदर खर्चाने भागून त्यांनी प्रत्येक रेडिएटरचा गुणांक काढला. केवळ ‘हा चांगला थंड करतो’ असे म्हणण्याचे दिवस त्यामुळे संपले. किती मोल देऊन थंड करतो, हे विचारणे प्राप्त झाले.

ह्या प्रयोगांतून एक साधा पण अत्यंत महत्त्वाचा नियम हाती आला. नळ्यांतून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग दुप्पट केला, तर उष्णता दुपटीपेक्षा थोडी कमीच बाहेर पडते; परंतु तो वारा ढकलण्यास लागणारी शक्ती मात्र जवळजवळ आठपट होते. उलट वाऱ्याचा वेग निम्मा केला, तर उष्णता निम्म्याहून किंचित अधिक निघत राहते आणि शक्तीचा खर्च एक-अष्टमांशावर येतो. अशा वेळी रेडिएटर पावणेदोनपट मोठा करून उष्णतेची तूट भरून काढली, तरीही एकंदर खर्च पूर्वीच्या सुमारे एक-पंचमांशच राहतो. सामान्य समजुतीच्या हे अगदी विरुद्ध होते. थंडाव्यासाठी सोसाट्याचा वारा हवा, असेच कोणालाही वाटेल. प्रयोगाचे म्हणणे असे, की रेडिएटरला मंद वारा पुरतो आणि तोच स्वस्त पडतो. अडचण एवढीच, की विमान स्वतः सोसाट्याने जात असते. मंद वारा आणावा कोठून? ह्या प्रश्नाला चांगले उत्तर मिळण्यास पुढे जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

आकाशातली परीक्षा अधिक रांगडी होती. चाचणी-वैमानिक पूर्ण शक्तीने विमान वर चढवीत नेई आणि दर हजार-दोन हजार फुटांवर पाण्याचे, तेलाचे व बाहेरील हवेचे उष्णतामान टिपून ठेवी. इंग्लंडच्या थंड हवेत मिळालेल्या आकड्यांवरून तेच विमान उष्ण देशांत कसे वागेल, हे काढण्याची रीत मोठी सोपी होती. रेडिएटर जी उष्णता टाकतो, ती पाणी आणि हवा ह्यांच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असते. बाहेर १५ अंश असताना पाणी ९० वर स्थिरावले, तर अंतर ७५ अंशांचे झाले. आता बाहेर ४० अंश आहेत असे धरा. तेवढीच उष्णता टाकण्यासाठी अंतर तेवढेच हवे, म्हणजे पाणी ११५ अंशांवर जावयास हवे. त्याआधीच ते उकळून गेलेले असेल. पाणी ९० वरच राखायचे म्हटले, तर अंतर ५० चे उरते आणि रेडिएटरची ताकद एक-तृतीयांशाने घटते.

हा हिशेब भारतात कागदावर राहिला नाही. १९२० नंतर वायव्य सरहद्दीवर आणि इराकमध्ये इंग्रजांची जी डी. एच. ९ ए विमाने उडत, त्यांच्या नाकाखाली एक जादा रेडिएटर टांगलेला असे. पुढे आलेल्या हॉकर हार्ट विमानाची भारतासाठी वेगळी आवृत्तीच काढण्यात आली आणि तिला मोठा रेडिएटर बसविण्यात आला. भारतीय विमानदलाचे पहिले पथक १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभे राहिले, ते चार वापिटी विमानांवर. त्यांचे ज्युपिटर एंजिन वाऱ्याने थंड होणारे होते. त्यात उकळण्यास पाणीच नव्हते.

वाऱ्यानेच एंजिन थंड करण्याची विद्याही तोवर प्रौढ झाली होती. महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथे प्राध्यापक गिब्सन आणि त्यांचे सहकारी सॅम हेरन ह्यांनी सिलिंडरवरील धातूच्या पातळ पट्ट्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. पट्ट्या किती उंच, किती जवळ आणि कोणत्या धातूच्या असाव्यात, हे मोजून त्यांनी ॲल्युमिनियमचा उत्तम सिलिंडर सिद्ध केला. चक्राच्या आऱ्यांसारखे सिलिंडर मांडलेली एंजिने ह्या पायावर उभी राहिली. त्यांचा दोष एकच: सगळे सिलिंडर वाऱ्यात उघडे पडत आणि वायुरोध प्रचंड होई. झाकावेत तर ते तापतील, अशी सार्वत्रिक समजूत होती.

ही समजूत १९२८ मध्ये अमेरिकेत लँग्ली येथील वीस फूट व्यासाच्या बोगद्यात मोडली. फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एंजिनावर निरनिराळ्या घाटांची आवरणे चढवून वायुरोध आणि सिलिंडरांचे उष्णतामान दोन्ही एकदम मोजले. असे दिसून आले, की उघड्या एंजिनावर आदळणारा बहुतेक वारा सिलिंडरांना स्पर्श न करताच बाजूने निसटतो आणि उगाच भोवरे करतो. आवरणाच्या आत पडदे बसवून मोजकाच वारा नेमक्या जागी नेला, तर थोड्या वाऱ्यात काम भागते. ह्या आवरणाने कर्टिस हॉक ह्या सैनिकी विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. एंजिन तेच, विमान तेच. इंग्लंडात टाउनेंड ह्यांनी ह्याच सुमारास एंजिनाभोवती बसवावयाचे साधे कडे शोधून काढले. दोन्ही शोधांनी एकच धडा दिला: पुष्कळ वारा असणे आणि वाऱ्याचा उपयोग होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पाण्याच्या एंजिनांच्या बाजूला मात्र काही काळ निराळेच वेड होते. रेडिएटर अजिबात नाहीसा करावा, असे शर्यतीच्या विमानांचे शिल्पकार म्हणू लागले. त्यांनी पंखांच्या पत्र्याखाली पाणी खेळविले आणि विमानाची कातडी हाच रेडिएटर केला. अमेरिकन कर्टिस विमानाने १९२३ ची श्नायडर शर्यत ह्याच युक्तीने जिंकली. १९३१ साली इंग्लंडच्या सुपरमरीन एस. ६ बी ने ताशी ४०७ मैलांचा उच्चांक केला, तेव्हा त्याचे पंख आणि तरण्याचे तराफेसुद्धा पाणी थंड करीत होते आणि धडाच्या बाजूंवरून तेल वाहत होते. वायुरोधात जवळजवळ काहीच भर न घालता मिळालेला हा थंडावा होता. पण युद्धाच्या कामी तो निरुपयोगी. कारण ज्या विमानाचे सारे पंख पाण्याने भरलेले, त्याला कोठेही गोळी लागली तरी ती वर्मीच लागणार.

ह्याला मधला मार्ग म्हणून वाफेचा प्रयोग झाला. एक ग्रॅम पाणी वीस अंशांनी तापविले, तर ते वीस कॅलरी उष्णता घेते. त्याच पाण्याची वाफ होऊ दिली, तर ते ५४० कॅलरी घेते. म्हणजे थोड्या पाण्यात मोठे काम. रोल्स-रॉइसचे गॉसहॉक एंजिन ह्या तत्त्वावर बनले आणि सुपरमरीनने आपल्या टाइप २२४ ह्या लढाऊ विमानात ते बसविले. १९३४ च्या फेब्रुवारीत ते प्रथम उडाले. पंखांच्या पुढल्या कडेत वाफेचे पाणी व्हावयाचे आणि पंपाने ते परत वर चढवावयाचे, अशी योजना होती. चढाईत बाहेरचा दाब उतरू लागला, की आधीच उकळीला टेकलेले ते पाणी पंपाच्या तोंडाशी पुन्हा वाफ होई आणि पंप निकामी होत. विमान अपेक्षेइतके वेगवानही निघाले नाही. ज्या मागणीसाठी ते बांधले होते, तिच्यासाठी अखेर ग्लॅडिएटर हे वाऱ्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे विमान निवडले गेले. टाइप २२४ चा शिल्पकार रेजिनाल्ड मिचेल हा होता. दोन वर्षांनी स्पिटफायर घडविताना त्याने वाफेचा मार्ग सोडून दिला होता.

तो सोडणे शक्य झाले दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट ग्लायकॉल. हा द्रव पाण्याहून कितीतरी वरच्या उष्णतामानावर, सुमारे १९७ अंशांवर, उकळतो. त्यामुळे तो १२० अंशांपर्यंत तापू देता येतो. ४० अंशांच्या हवेत पाण्याला ५० अंशांचे अंतर मिळत होते, ग्लायकॉलला ८० चे मिळते. म्हणजे रेडिएटर त्या मानाने लहान चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे १९३५ साली फार्नबरोच्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ ह्यांनी लिहिलेला एक छोटा शास्त्रीय निबंध. मंद वारा कोठून आणावा, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते.

मेरेडिथ ह्यांची युक्ती अशी. रेडिएटर वाऱ्यात उघडा ठेवू नये. त्याला एका वायुमार्गात बसवावे. ह्या मार्गाचे तोंड अरुंद असावे, मग तो हळूहळू रुंद होत जावा, सर्वांत रुंद जागी रेडिएटर असावा आणि त्याच्यामागे मार्ग पुन्हा निमुळता व्हावा. अरुंद ओढ्याचे पाणी रुंद डोहात आले, की संथ होते. तसाच वारा रुंद भागात मंदावतो आणि वेग गमावताना त्याचा दाब वाढतो. मंद वारा रेडिएटरमधून स्वस्तात जातो. मग निमुळत्या भागात तो पुन्हा वेग घेऊन मागे निसटतो. मधल्या टप्प्यात त्याला उष्णता मिळालेली असते. दाबाखाली तापलेली हवा प्रसरण पावते आणि शिरली त्याहून अधिक वेगाने बाहेर पडू शकते. अशी हवा मागे गेली, की विमानाला पुढे रेटा मिळतो. आजवर निव्वळ टाकून दिलेली उष्णता थोडीशी का होईना, कामाला लागते.

‘थोडीशी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ताशी १०० मैल वेगाने जाणाऱ्या विमानात वारा अडवून मिळणारा दाब इतका क्षुल्लक असतो, की आदर्श परिस्थितीतही उष्णतेचा तिनशेवा हिस्साच रेट्यात बदलू शकेल. ताशी ३०० मैलांना हा हिस्सा शंभरातला तिसरा होतो. म्हणूनच १९१८ मध्ये ही कल्पना कोणाला सुचती, तरी ती फळास आली नसती. तीनशे मैलांच्या विमानात मात्र पाचशे अश्वशक्तीची उष्णता टाकताना पंधराएक अश्वशक्ती परत मिळण्याची शक्यता होती. रेडिएटरचा खर्च संपूर्ण भरून निघाला नाही, तरी त्यातला बराच भाग भरून येण्यास एवढे पुरे होते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये हॉकर हरिकेन आणि ५ मार्च १९३६ रोजी स्पिटफायर प्रथम उडाले. हरिकेनने आपला रेडिएटर पोटाखाली घेतला, स्पिटफायरने उजव्या पंखाखाली. दोन्ही वायुमार्गात बसविलेले. तरी सिद्धान्त आणि विमान ह्यांत अंतर होतेच. विमानाच्या पृष्ठभागाला घासून आलेली हवा थकलेली असते. ती रुंद होत जाणाऱ्या मार्गात शिरली, की भिंत सोडून भोवरे करू लागते. शिवाय जमिनीवर स्पिटफायरच्या चाकाचा पाय रेडिएटरच्या तोंडापुढे येई. उड्डाणाची आज्ञा मिळेपर्यंत एंजिन चालू ठेवून थांबावे लागले, तर पाहता पाहता ग्लायकॉल तापून जाई. उष्ण प्रदेशातल्या विमानतळांवर वैमानिकाला ही घालमेल अधिकच सोसावी लागे. आकाशात सुटलेले गणित जमिनीवर अपुरे पडत होते.

ह्या उणिवांवर अधिक चांगला उपाय मस्टँग ह्या अमेरिकन विमानात सापडला. त्याचा पहिला नमुना २६ ऑक्टोबर १९४० रोजी उडाला. त्याचा रेडिएटर वैमानिकाच्या मागे, पोटाखाली, लांब वायुमार्गात होता, आणि मार्गाचे तोंड धडाला न चिकटविता थोडे खाली, मध्ये फट ठेवून बसविले गेले. धडाला घासून आलेली थकलेली हवा त्या फटीतून निघून जाई आणि तोंडात ताजा वारा शिरे. ही फट किती असावी, हे ठरविण्यास मात्र पुन्हा प्रयोगशाळेतच जावे लागले. मर्लिन एंजिन बसविलेल्या मस्टँगच्या वैमानिकांनी तक्रार केली, की विशिष्ट वेगाला वायुमार्गातून गडगडाट ऐकू येतो आणि विमान हादरते. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स येथल्या सोळा फुटी बोगद्यात पंखांची टोके काढून खरे विमानच उभे करण्यात आले. वारा सोडताच तोच गडगडाट तेथेही झाला. थकलेली हवा तोंडात शिरून पुन्हा बाहेर फेकली जात होती. तोंडाची वरची कड आणखी खाली घेऊन तिला योग्य तिरकसपणा दिल्यावर तो आवाज थांबला. मस्टँगचा रेडिएटर वायुरोधाऐवजी निव्वळ रेटाच देई, असे पुष्कळदा सांगितले जाते. तो दावा वादग्रस्त आहे. थंडाव्याच्या खर्चाचा मोठा भाग त्याने वसूल केला, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत जेट एंजिन आले आणि लढाऊ विमानांच्या पोटाखालचा तो रेडिएटर इतिहासजमा झाला. पण चाळीस वर्षांच्या खटपटीतून मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. कित्येक जेट लढाऊ विमानांच्या हवा घेण्याच्या तोंडापाशी, धडाला लागून, एक अरुंद फट दिसते. थकलेली हवा बाहेर काढणारी मस्टँगची ती फटच तेथे निराळ्या कामासाठी बसलेली आहे.

ह्या सगळ्या कथेत एकाच शोधाने चमत्कार घडविला असे कोठेही दिसत नाही. लेव्हावासरने वाफ वापरली, सेगँ बंधूंनी एंजिन फिरविले, शर्यतवाल्यांनी पंखांत पाणी भरले; प्रत्येक युक्तीने एक खर्च वाचविला आणि दुसरा वाढविला. खरी प्रगती झाली ती उष्णता आणि वायुरोध हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी लिहिले जाऊ लागले तेव्हा. एकटा पहिला आकडा पाहणाऱ्याने थंड पण मंद विमाने बांधली. एकटा दुसरा पाहणाऱ्याने वेगवान पण उकळणारी. दोन्ही आकडे एकत्र पाहणाऱ्यांनाच कळले, की वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा त्याला क्षणभर मंद करून, त्याच्या हाती उष्णता सोपवून, सन्मानाने वाटेला लावणे हेच सर्वांत स्वस्त असते.